ॲप डाउनलोड होत नाही, उघडत नाही : फॉल्ट शोधायचा कसा

टेलिफोन खात्यात माझी नोकरी लाइनवरची होती. लोक १९८ ला तक्रार नोंदवायचे, आमच्या हातात चिठ्ठी यायची आणि तिच्यावर एवढंच लिहिलेलं असायचं : ‘फोन डेड’. घरात शिरून लगेच यंत्र उघडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आधी एक्स्चेंज बघायचं, मग रस्त्यावरचं कॅबिनेट, मग खांबावरची पेटी, आणि सगळ्यात शेवटी ग्राहकाच्या टेबलावरचा फोन. फॉल्ट कुठल्या टप्प्यावर आहे ते सापडलं की दुरुस्तीला फारसा वेळ लागत नसे. वेळ जायचा तो शोधण्यात.

निवृत्तीनंतर आता शनिवारी सकाळी नेरूळला आमच्या विरंगुळा केंद्रात बसतो. पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेतलेली मंडळी येतात. कोणाला मुलाने जुना फोन दिलेला असतो, कोणी गावाहून नुकतंच मुलीकडे राहायला आलेलं असतं. तक्रार एकच : “व्हॉट्सॲप चालत नाही.” या ‘चालत नाही’मध्ये दहा वेगवेगळे फॉल्ट दडलेले असतात, आणि माझी पद्धत अजून तीच आहे. लांबच्या टोकापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की तपासायचं. चार बटणं एकदम दाबली तर फोन सुरू होईलही, पण कशामुळे सुरू झाला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा तिथेच येता.

पडद्यावर काय लिहिलंय?

कशालाही हात लावायच्या आधी हे करा. ॲप अडलं की फोन बहुतेक वेळा कारण सांगतो, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. आपण घाबरून ‘ओके’ दाबतो आणि कारण निघून जातं. तसं करू नका. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं की बहुतेक अँड्रॉइड फोनवर पडद्याचा फोटो निघतो, म्हणजे स्क्रीनशॉट. जमत नसेल तर दुसऱ्याच्या फोनने फोटो काढा, नाहीतर वहीत अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर गूगल लेन्समध्ये तो फोटो धरून भाषांतर निवडा, मजकूर मराठीत दिसतो.

आमच्याकडे एक काकू तीन शनिवार ‘इन्स्टाग्राम येत नाही’ म्हणत होत्या. चौथ्या शनिवारी नातवाने लिहून दिलेली चिठ्ठी आणली. तिच्यावर होतं, ‘डाउनलोड पेंडिंग’. म्हणजे ॲपमध्ये काहीच बिघाड नव्हता. प्ले स्टोअर दुसऱ्या चौदा ॲपचे अपडेट आधी उतरवत होतं आणि इन्स्टाग्राम रांगेत मागे उभं होतं. प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर बोट ठेवलं, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ उघडलं, बाकीचे अपडेट थांबवले. पाच मिनिटांत काम झालं.

फक्त तुमचंच बंद आहे का?

हा आमचा एक्स्चेंजवरचा प्रश्न. शेजारी विचारा, बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा : “तुमचं चालतंय का हो?” सगळ्यांचंच बंद असेल तर फॉल्ट तुमच्या हातातल्या फोनमध्ये नाही.

असं खरोखर घडतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर जवळपास सहा तास बंद होते. कंपनीच्या आतल्या मुख्य जाळ्यात देखभालीचं काम करताना चूक झाली आणि तिच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायचे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले. २५ ऑक्टोबर २०२२ ला भर दुपारी व्हॉट्सॲप साधारण दोन तास गेलं. ५ मार्च २०२४ च्या रात्री तर फेसबुकने लोकांना आपोआप बाहेर काढलं. पासवर्ड बरोबर टाकूनही आत जाता येईना. अकाउंट हॅक झालं या भीतीने पासवर्ड बदलत बसलेले कितीतरी जण मी त्या रात्री पाहिले.

अशा वेळी एकच पथ्य पाळा. ॲप काढून टाकू नका. बंद पडलेल्या दिवशी ॲप काढलं आणि पुन्हा टाकायला गेलात तर नंबर पडताळणारा कोडही येत नाही, म्हणजे एका अडचणीच्या दोन होतात. चहा घ्या, दोन तासांनी बघा.

नेट आहे, पण खरंच आहे का?

वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण दिसली म्हणजे नेट आहे, हा पुष्कळांचा समज. ती खूण एवढंच सांगते की फोन घरातल्या राउटरला जोडलेला आहे. राउटरच्या पुढे केबल तुटली असेल तरी खूण दिसतच राहते. म्हणून ब्राउझर उघडा आणि आधी कधी न उघडलेलं एखादं पान उघडून बघा. ते उघडलं तर नेट आहे. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, नाहीतर उलट करा. एकावर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, एवढं कळलं तरी निम्मा शोध संपला.

मोबाइल डेटावर एक गोष्ट नव्यांना हमखास फसवते. रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असतो. सकाळी भजनं, दुपारी मालिका बघितली की संध्याकाळपर्यंत तो संपतो. नेट मात्र बंद होत नाही, बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे अगदी रांगण्यावर येतो. त्या वेगाने साधा मजकूर जातो, त्यामुळे ‘नेट तर चालू आहे’ असंच वाटतं. पण १०० एमबीचं ॲप उतरवायला हिशेबाने साडेतीन तासांच्या आसपास लागतील, आणि एवढ्या वेळात डाउनलोड मध्येच कधीतरी तुटतंच. मध्यरात्रीनंतर कोटा नव्याने सुरू होतो. पहाटे उठणाऱ्यांनी पहाटेच ॲप उतरवावं, हा माझा नेहमीचा सल्ला.

जागेचाही परिणाम होतो. ठाण्याहून कल्याणकडे लांब पल्ल्याच्या गाडीने जाताना पारसिकचा बोगदा लागतो, १९१६ पासूनचा, सव्वा किलोमीटरहून लांब. तिथे रेंज जाते हे प्रवाशांना ठाऊक आहे. पण घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये, आतल्या बेडरूममध्ये किंवा पार्किंगच्या तळघरातही तेच होतं, कारण काँक्रीट आणि लोखंड रेडिओलहरी अडवतं. खिडकीपाशी या. मग विमानाचं चित्र असलेलं बटण, म्हणजे एअरप्लेन मोड, दहा सेकंद चालू ठेवून बंद करा. फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो.

एवढं करूनही प्ले स्टोअर ‘वायफायची वाट पाहतोय’ म्हणत असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’ बघा. तिथे ‘फक्त वायफायवर’ निवडलेलं असतं. ‘कोणत्याही नेटवर्कवर’ करा.

जागा

केंद्रात येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. जुन्या फोनला एकूण १६ जीबी जागा, त्यातला मोठा भाग अँड्रॉइड स्वतःच घेतं, आणि उरलेली जागा सुप्रभातच्या फुलांनी भरलेली. ॲप ६० एमबीचं आहे आणि जागा ७० एमबी आहे, तर बसायला हवं, असं लोक म्हणतात. तसं होत नाही. ॲप उतरतं गुंडाळलेलं, मग फोनवर उलगडतं, आणि उलगडायला वेगळी जागा लागते. निदान एक जीबी मोकळी ठेवा.

साफसफाई कुठून करायची? गॅलरीतून एकेक फोटो पुसत बसू नका. व्हॉट्सॲप उघडत असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. पाच एमबीहून मोठ्या फाइल एकीकडे, पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या दुसरीकडे, असे दोन ढीग ते स्वतः लावून देतं. दुसरा ढीग निर्धास्तपणे पुसा. पहिल्यात नातवाच्या बारशाचा व्हिडिओ असू शकतो, तो बघून घ्या. मग मागच्या ‘स्टोरेज अँड डेटा’च्या पानावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

एक इशारा मनापासून देतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप, म्हणजे फोटोंची प्रत गूगल खात्यात ठेवण्याची सोय, चालू असेल आणि तुम्ही त्या ॲपमधून फोटो पुसला, तर तो फोनवरून जातो तसा बॅकअपमधूनही जातो. तिथे ‘फ्री अप स्पेस’ असा वेगळा पर्याय आहे. तो आधी बॅकअप झालेले फोटोच फोनवरून काढतो, बॅकअपला हात लावत नाही. तोच वापरा. एका आजींच्या यजमानांचे शेवटच्या वर्षातले फोटो असे पुसले गेले होते. बिनमध्ये, म्हणजे पुसलेले फोटो जातात त्या कप्प्यात सापडले, कारण बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस तिथे राहतो. त्या ५० व्या दिवशी आल्या होत्या. बिनमधले फोटोही जागा अडवतात हे खरं, पण तो रिकामा करण्याआधी एकदा सगळं डोळ्याखालून घाला.

फोन जुना, तारीख चुकलेली, ॲप मिळतच नाही

प्ले स्टोअर म्हणतं, ‘युवर डिव्हाइस इजन्ट कम्पॅटिबल’. म्हणजे फोनमधलं अँड्रॉइड त्या ॲपला पुरेल इतकं नवं नाही. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइडचा आकडा दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५.० च्या आधीचे फोन सोडले, आणि मे २०२५ मध्ये आयओएस १५.१ च्या आधीचे आयफोन. आयफोन ६ हा आयओएस १२ च्या पुढे जातच नाही, त्यामुळे मुलाने परदेशातून पाठवलेला तो सुंदर फोन आता व्हॉट्सॲपसाठी उपयोगाचा नाही. ‘सिस्टिम अपडेट’ तपासून बघा. नवं काही नसेल तर त्या फोनवर पैसे घालू नका. दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणणाऱ्याकडेही नको. फोन बदलणं हाच उपाय.

तारीख चुकली तर ॲप का अडतं, हे लोकांना पटत नाही. ॲप आणि सर्व्हर एकमेकांशी बोलण्याआधी एक डिजिटल प्रमाणपत्र तपासतात. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं असतं. कपाटात सहा महिने पडून बॅटरी पूर्ण उतरलेला फोन चालू केला की त्याचं कॅलेंडर कधीकधी कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून तो दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये ‘डेट अँड टाइम’ स्वयंचलित करा. व्हॉट्सॲप तर तारीख चुकल्याचं स्वतःच सांगतं.

शोधूनही ॲप सापडत नसेल तर ते आपल्या देशात बंद असू शकतं. टिकटॉकसह ५९ ॲपवर सरकारने २९ जून २०२० ला बंदी घातली. त्याच नावाचं, तसंच चित्र असलेलं दुसरं काही सापडलं तर ते उतरवू नका. आणि फोन नातवाचा असेल, त्यावर मुलांचं गूगल खातं असेल, तर आईवडिलांच्या फोनवरून परवानगी मिळाल्याशिवाय ॲप उतरत नाही. तो बिघाड नाही.

नंबर आणि ओटीपी

ॲप उतरलं, उघडलं, नंबर टाकला. कोड येत नाही. इथे लोक घाईने ‘रिसेंड’ दाबत सुटतात. तसं केलं की ॲप थांबवून ठेवतं, आधी काही मिनिटं, मग काही तास. एकदा दाबा आणि घड्याळ लावून थांबा.

थांबताना हे तपासा. देश भारत निवडलाय ना, म्हणजे ९१? त्यापुढे शून्य न लावता दहाच आकडे आहेत ना? ज्या नंबरवर कोड मागवला ते सिम चालू आहे ना? रिचार्जची मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांनी इनकमिंग आणि एसएमएसही. दुसऱ्या फोनवरून त्या नंबरवर एक साधा एसएमएस पाठवून बघा. तो आला नाही तर ॲपचा दोष नाही. मेसेजच्या ॲपमध्ये ‘स्पॅम अँड ब्लॉक्ड’ असा कप्पा असतो, तिथेही एकदा डोकवा. डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज बंद करायची सोय, लावल्यामुळे ओटीपी बंद होतो ही समजूत मात्र चुकीची आहे.

सिम हरवलं म्हणून मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून त्याच नंबरचं नवं सिम आणलं असेल तर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. दूरसंचार विभागाचा तसा नियम आहे. कोणी तुमच्या नावाने चोरून सिम काढलं तर त्याला तुमच्या बँकेचे ओटीपी लगेच मिळू नयेत, हा हेतू. दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

गावाहून आलेल्यांनी इथे नवा नंबर घेतला आणि व्हॉट्सॲप सहा आकडी पिन मागू लागलं, असंही होतं. तुम्ही पिन ठेवलाच नव्हता. मग कोणी ठेवला? तो नंबर आधी ज्याच्याकडे होता त्याने. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला मिळतो, पण जुन्या मालकाचं खातं त्यावर राहिलेलं असू शकतं. सात दिवस थांबा, मग पिनशिवाय नव्याने नोंदणी होते. स्वतःचाच पिन विसरला असाल आणि ईमेल जोडलेला नसेल तरी हीच मुदत. म्हणून एकदा आत गेलात की पिन ठेवा, ईमेल जोडा आणि पिन घरच्या वहीत लिहून ठेवा.

चालतं, पण अर्धवट

यादीत नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात : ‘कॉन्टॅक्ट्स’ची परवानगी दिलेली नाही. समोरच्याला आवाज जात नाही : मायक्रोफोनची. दोन्ही परवानग्या सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, ‘परमिशन्स’ इथे मिळतात. मेसेज येतात पण ॲप उघडल्यावरच दिसतात, त्याचं कारण बॅटरी वाचवण्याची सोय. फोन मागे चालणारी ॲप झोपवतो. त्याच पानावर ‘बॅटरी’मध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी कळ असते, तीही चालू करा.

हट्टाने उघडतच नसेल तर क्रम असा : ‘फोर्स स्टॉप’. मग फोन बंद करून चालू. मग प्ले स्टोअरमधून अपडेट. मग ‘क्लिअर कॅशे’. इथपर्यंत काहीही हरवत नाही. त्याच्या शेजारीच ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ असतं, ते वेगळं आहे. कॅशे म्हणजे ॲपने सोयीसाठी काढून ठेवलेल्या प्रती. डेटा म्हणजे तुमच्या गप्पा. बोट घसरलं तर बॅकअप नसलेला मजकूर गेला.

ॲप काढून पुन्हा टाकणं सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, ‘चॅट बॅकअप’ इथे शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. तो गूगल खात्यात जातो आणि खात्याच्या फुकट १५ जीबीमध्ये मोजला जातो. खातं भरलेलं असेल तर बॅकअप महिनोन् महिने थांबलेला असतो. परत आणताना तोच नंबर आणि तेच गूगल खातं लागतं. खात्याचा ईमेल पत्ता आधी वहीत उतरवा.

मदत मागताना

ॲप प्ले स्टोअरवरून येत नाही म्हटलं की कोणीतरी ‘मी एपीके पाठवतो’ म्हणतो, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट ॲपची फाइल. घेऊ नका. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावांनी येणाऱ्या एपीके फाइल फोनमधले एसएमएस वाचतात आणि ओटीपी बाहेर पाठवतात. जादा सोयी देणारं म्हणून फिरणारं जीबी व्हॉट्सॲपही नको. ते कंपनीचं नाही आणि त्यामुळे मूळ खातं बंद होऊ शकतं. ‘व्हॉट्सॲप कस्टमर केअर’ असं गूगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. तिकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगतो आणि तुमचा पडदा त्याच्यासमोर उघडा पडतो. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त.

दुकानात किंवा आमच्या केंद्रात यायचं तर एक कागद आणा. त्यावर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचा आकडा, मोकळी जागा, गूगल खात्याचा पत्ता, पडद्यावरचा मजकूर आणि कधीपासून असं होतंय ते लिहा. पासवर्ड लिहू नका. चार्जर सोबत घ्या. दुरुस्त करणाऱ्याने फोन आत न्यायचं म्हटलं तर समोरच बसून करा म्हणावं. कोड आला की तो मोठ्याने वाचून दाखवू नका, फोन हातात घेऊन स्वतः टाइप करा.